बासष्ट वेळा छान

पुस्तकाचं नाव ठरलं होतं ‘न पेटवता’. उन्हाळ्यात स्वयंपाकघर न तापवता करायच्या बासष्ट पाककृती. ते लिहिणारी बाई मोठी हट्टी. जे स्वतः जगून पाहिलं नाही त्याची एक ओळ लिहायची नाही, हा तिचा बाणा. मागच्या पुस्तकाच्या वेळी तिने तीन महिने घरात फक्त कडधान्यं शिजवली होती आणि नवरा त्याच वर्षी सोडून गेला होता. दोन्हींचा काही संबंध नाही, असं ती सांगायची. सांगताना हसायची मात्र नाही.

यंदा ऊन तापायला लागलं तशी तिने शेगडी उचलली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली.

“उन्हाळा संपेपर्यंत या घरात काडी पेटणार नाही,” तिने जाहीर केलं.

“चहासुद्धा नाही?” बाबांनी विचारलं.

“गार चहा. रात्रभर पाण्यात पत्ती भिजवायची. पिऊन तर बघा.”

बाबांनी पिऊन बघितला. “छान आहे,” म्हणाले.

खरं तर हा सगळा खटाटोप बाबांसाठीच होता. चाळीस वर्षं ते बेकरीत भट्टीपुढे उभे राहिले होते. ती लहान असताना ते घरी यायचे तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, भुवया होरपळून विरळ झालेल्या. आई म्हणायची, “आधी त्यांना पाणी दे, मग काय ते सांग.” या माणसाला कधीतरी गारवा द्यायचा, हे तेव्हापासून तिच्या मनात होतं. आई गेल्यावर तिने त्यांना आपल्याकडे आणलं आणि पुस्तकाची अर्पणपत्रिका पहिल्याच दिवशी लिहून ठेवली. ‘बाबांना. आगीपुढे पुष्कळ उभे राहिलात. आता बसा.’

प्रत्येक पाककृतीच्या शेवटी ‘बाबांचं मत’ अशी एक ओळ असणार होती. बाबा जेवायला बसले की ती वही-पेन्सिल घेऊन समोर. काकडी-दह्याचं गार सूप: छान. मोड आलेल्या मुगाची कोशिंबीर: छान. कलिंगड, लिंबू आणि पुदिना: छान. दुसरा शब्दच नाही माणसाकडे, म्हणून ती लटकं रागवायची.

बाबा भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसायचे. म्हातारपणाची खोड, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. रोज दुपारी दोनला ते बूट चढवायचे.

“वाचनालयात जाऊन येतो. तिथे मोठा पंखा आहे.”

“टोपी घाला.”

चार वाजता ते परत यायचे तेव्हा चेहऱ्यावर चांगला तजेला असायचा. रात्री मात्र दोन घास खाऊन हात धुवायचे. उन्हाने अन्न जात नसेल, या काळजीने ती दुसऱ्या दिवशी आणखी गार काहीतरी करायची. किती शहाणी!

अठ्ठावन्नावी पाककृती झाली त्या दुपारी फोन आला. बाबांच्या जुन्या बेकरीचा मालक बोलत होता.

“ताई, मास्तर इथे आहेत. तुम्ही लगेच या.”

“बाबा? ते वाचनालयात गेलेत.”

“नाही हो ताई. तुम्ही या.”

बेकरीच्या मागच्या खोलीत त्यांना भट्टीशेजारच्या बाकावर झोपवलं होतं. स्वेटर अंगातच होता. तिने हात हातात घेतला आणि तिचा जीव भांड्यात पडला. हात चांगला ऊबदार होता.

“अहो, अंग गरम आहे यांचं! बघत काय उभे राहिलात? डॉक्टरांना बोलवा!”

मालकाने मान खाली घातली. “डॉक्टर येऊन गेले, ताई. बाक भट्टीला लागून आहे ना, म्हणून.”

तरीही तिने हात सोडला नाही. सोडला की तो गार पडेल, एवढंच तिला कळत होतं.

मग मालकाने हळूहळू सांगितलं. अडीचची खेप भट्टीतून निघायची तेव्हा मास्तर रोज हजर. पहिला पाव त्यांचा, बोटं पोळत खायचे, सोबत वाफाळता चहा. “चाळीस वर्षांत हाडं शेकून निघालेली, ताई. त्यांना थंडी वाजायची.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं होतं त्यांना, ताईंना सांगा म्हणून. म्हणाले, पोरगी माझ्यासाठी जिवाचं रान करतेय. तिचं पुस्तक होऊ दे, मग सांगतो.”

पुस्तक झालं. उरलेल्या चार पाककृती तिने कशा पुऱ्या केल्या ते तिलाच ठाऊक. त्यांच्याखाली संपादकांनी आपणहून ‘छान’ टाकून दिलं, ओळ रिकामी दिसू नये म्हणून. दोन महिन्यांनी तपासायला मुद्रितं आली. “बाबांची मतं वाचकांना फार आवडतील,” संपादक फोनवर म्हणाले.

ती मुद्रितं समोर घेऊन रडत बसली. चार मतं संपादकांची आणि अठ्ठावन्न बाबांची. बाबांची सगळी खोटी, आणि तेवढेच त्यांचे शब्द तिच्याजवळ उरलेले. ठेववत नव्हते आणि खोडवतही नव्हते. शेवटी तिने मूळ वही काढली आणि एकेक ओळ ताडून पाहू लागली.

एक्केचाळीस. टोमॅटोच्या रसात भिजवलेला पाव. वहीत पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘पाव जरा भाजला असता तर. राहू दे. छान.’ पहिल्या दोन वाक्यांवर तिनेच ठळक रेघ मारली होती. तिला ती दुपार आठवली. “बाबा, नियम म्हणजे नियम,” ती म्हणाली होती. बाबा हसले होते आणि त्यांनी अख्खी बशी संपवली होती. त्यांनी मागितलं नव्हतं असं नाही. एकदा मागितलं होतं, आणि तिने ते खोडून टाकलं होतं.

तिने मुद्रितातले बाकीचे सगळे ‘छान’ काढले आणि एक्केचाळिसाव्या पाककृतीखाली ती खोडलेली ओळ परत लिहिली.

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. “अहो, न पेटवायच्या पुस्तकात पाव भाजायचा? लोक हसतील.”

“हसू द्या,” ती म्हणाली. “सबंध उन्हाळ्यात माझ्याकडे तेवढंच मागितलं त्यांनी. तेवढं छापा.”