उतारावरचा आवाज

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. पण माझ्या येण्याने जमीन हादरते, असं काही समजू नका. माझी लांबी जेमतेम हातभर. अंग वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं, चाकं पितळेची. खऱ्या इंजिनाच्या पोटात जिथे अजस्र यंत्र असतं, तिथे माझ्या पोटात आहे एका बिघडलेल्या ट्रान्झिस्टरचा वाटीएवढा स्पीकर. त्या स्पीकरमधून कोणता आवाज निघावा, एवढा एकच प्रश्न माझ्या आयुष्यात महत्त्वाचा होता. तो चुकीचा सुटला, तेव्हा काय झालं ते तुम्हाला सांगतो.

माझे कर्ते राधाकृष्ण. राहुरीच्या बाजारपेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दौंड-मनमाडच्या रुळांवर तोवर कोळशाची इंजिनं धावायची. मग अधूनमधून डिझेल दिसू लागलं आणि राधाकृष्णांना त्याचं वेडच लागलं. दुकानातली गिऱ्हाइकं गेली की ते पत्रा कापायला बसत. त्यांच्या पत्नी सुमनबाई मला रंग देत. मोठ्या निगुतीने दिलेला तो तांबडा रंग माझ्या अंगावर अजून कुठे कुठे शिल्लक आहे.

देह तयार झाला, पण मी मुका होतो. एका कीर्तनकाराने दुरुस्तीला टाकलेला आणि पुन्हा कधीच न नेलेला एक टेपरेकॉर्डर दुकानात पडून होता. बॅटरीवर चालणारा, दोन रिळांचा. तो सायकलला बांधून राधाकृष्ण रुळांकडेने आवाज गोळा करत हिंडू लागले.

पहिलं रीळ त्यांनी नगर स्टेशनात भरलं. उभ्या इंजिनाची गुडगुड. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी. दुसरं रीळ चढावर भरलं. मागे मालगाडीचं ओझं, इंजिन अंगातला सगळा जोर काढून ओरडतंय, मध्येच भोंगा. तो आवाज ऐकून खुद्द राधाकृष्णांच्या अंगावर काटा आला. तिसरं रीळ भरायला ते गावाबाहेरच्या खिंडीवर गेले. तिथे रुळांना वळण आहे, उतार आहे, आणि दोन्ही बाजूंना मुरमाच्या उभ्या भिंती. माइक धरून ते काठावर बसून राहिले. वारा होता. एक टिटवी ओरडत होती. गाडी यायला उशीर झाला असं वाटेवाटेतोवर त्यांच्या पायांखालून इंजिन निघून गेलंसुद्धा.

"हे रीळ वाया गेलं," घरी येऊन ते म्हणाले.

सुमनबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते रीळ लावायला सांगितलं. वारा ऐकू आला. टिटवी ऐकू आली. रुळांची अगदी बारीक किणकिण, इतकी बारीक की माहीत नसेल तर कळू नये. आणि मग एकदम चाकांचा खडखडाट.

सुमनबाईंनी सूप खाली ठेवलं. "अहो, गाडी आली कधी?"

"तेच तर. उतारावर ड्रायव्हर इंजिनाला जोर देत नाही. गाडी आपल्याच वजनाने घरंगळत येते. त्यात वारा उलटा असला की पुढून काहीच ऐकू येत नाही."

"मग खरा आवाज हा, की तो चढावरचा?"

"दोन्ही खरे."

"तर मग हाच बसवा. गाडी येईतो मला कळलंच नाही."

राधाकृष्ण हसले. "अगं, लोक इंजिन ऐकायला येणार. गप्प बसलेल्या इंजिनाकडे कोण बघेल?"

अशी माझ्या आवाजाची निवड झाली. दुसरं रीळ माझा आवाज ठरलं आणि तिसरं कपाटात गेलं.

मग माझे कौतुकाचे दिवस आले. गणपतीच्या मांडवात, जत्रेत, शाळांच्या अंगणात मी गोल गोल धावलो. टेबलाखाली टेपरेकॉर्डर फिरायचा, आवाज तारेतून माझ्या पोटात यायचा आणि मी असा गर्जायचो की पोरं कानांत बोटं घालायची. "डिझेल म्हणजे असं!" लोक म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा. माझ्या आवाजातून कोण काय शिकून घरी जातंय, याचा विचार मीही केला नाही आणि राधाकृष्णांनीही नाही.

दुष्काळाचं साल उजाडलं. खिंडीच्या पलीकडे पाझर तलावाचं काम निघालं आणि आसपासच्या वस्त्यांमधल्या बायका तिथे माती वाहायला जाऊ लागल्या. त्यांचाही जीव घटकाभर रमावा म्हणून एका दुपारी राधाकृष्ण मला तिथे घेऊन गेले. भाकरीची सुट्टी झाली होती. फळकुटावर रूळ मांडले आणि मी धावलो, गर्जलो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. रंगुबाई नावाची एक तरणी सून पुढे आली आणि तिने माझ्या टपावर हात ठेवला.

"अगं बया, ऊन ऊन लागतंय. जित्तंच हाय जनू!"

त्या टोळीची म्होरकी भिमाबाई. वयस्क, काटक बाई. तिने मला दोनदा धावायला लावलं आणि समाधानाने मान हलवली.

"रेडिओवालं दादा, लई बरं केलंत. आमचं भ्याव घालवलंत."

"कसलं भ्याव, मावशी?"

"फाटकावरनं यायचं म्हंजी लई लांब पडतंय. खिंडीतनं रुळावरनं आलं तर निम्मी वाट वाचती. कोळशाचं इंजन धूर सोडतंय, लांबनं कळतंय. ह्या नव्या इंजनाचं कळंना, म्हनून आमी जात न्हवतो. पर ह्ये तर केवढं वरडतंय! बहिऱ्यालाबी ऐकू जाईल. आता उद्यापासनं खिंडीतनंच येतो आमी."

बायका हसल्या. राधाकृष्णही हसले. ते वायर गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता त्यांचा हात थांबला. त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली आणि बायका पाट्या उचलून भराभरा कामाकडे पांगल्या.

संध्याकाळी राधाकृष्णांचं ताट तसंच राहिलं. सुमनबाईंनी खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"त्यांना वाटतंय, गाडी ओरडत येईल. मीच तसं दाखवलं."

सुमनबाई उठल्या आणि कपाटातून तिसरं रीळ काढून त्यांच्यासमोर ठेवलं. "सकाळी त्या निघायच्या आत जा. हे ऐकवा. मग कुणी खिंडीत पाऊल टाकणार नाही."

पहाट फुटता फुटता आम्ही निघालो. मी आणि टेपरेकॉर्डर एकाच खाकी पिशवीत, कालच्यासारखेच तारेने जोडलेले. तिसरं रीळ त्यांच्या खिशात. वस्तीवर पोचलो तर चुली विझलेल्या. "बाया तर गेल्या की," एका म्हाताऱ्याने सांगितलं. राधाकृष्णांनी सायकल वळवली आणि शेतातून सरळ खिंडीचा काठ गाठला.

पिशवीच्या तोंडातून मला दिसत होतं. खाली बायका रुळांवरून एकामागून एक चालल्या होत्या, डोक्यावर पाट्या, गप्पा चाललेल्या. पुढे भिमाबाई, सगळ्यांत मागे रंगुबाई. वारा आमच्या तोंडावर होता. आणि पाठीमागच्या वळणावर, बायकांच्या पाठीशी, इंजिनाचं तोंड दिसलं. माझ्यासारखंच तांबडं. ते येत होतं आणि त्याचा काही म्हणता काही आवाज नव्हता.

"भिमाबाई! गाडी! गाडी!" राधाकृष्ण जिवाच्या आकांताने ओरडले. वाऱ्याने शब्द मागे फेकले. एकीने वर बघितलं आणि ओळखीचं हसून हात हलवला.

त्यांनी पिशवीत हात घातला. रीळ बदलायला वेळ नव्हता. यंत्रावर कालचंच रीळ होतं, चढावरचं. त्यांनी आवाजाची कळ शेवटपर्यंत पिळली आणि बटण दाबलं.

मी ओरडलो. मित्रांनो, तसा मी कधीच ओरडलो नव्हतो. माझ्या पोटातला स्पीकरचा कागद टरकन फाटला. मुरमाच्या भिंतींनी तो फाटका आवाज झेलला. तो बायकांच्या ओळखीचा होता. पाट्या टाकून त्या समोरच्या भिंतीवर चढल्या, हाताला लागेल ते खुरटं झुडूप धरून. त्याच वेळी ड्रायव्हरलाही त्या दिसल्या आणि खऱ्या इंजिनाचा भोंगा वाजला.

रंगुबाई मात्र रुळांतच वळून उभी राहिली. आवाज वरून, आमच्याकडून आला होता, म्हणून ती आमच्याकडे बघत होती. गाडी बाजूने येत होती, ती तिला दिसत नव्हती. भिमाबाईने खाली झेप घेऊन तिचा दंड ओढला. ती वाचली. तिचा उजवा पाय मात्र घोट्याखाली गेला.

त्यानंतर राधाकृष्णांनी मला दुकानातल्या फळीवर ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. माझ्यावर धूळ बसली. फाटक्या स्पीकरच्या आडोशाला कोळ्याने जाळं विणलं. कुणी माझ्याविषयी विचारलं तर ते "बिघडलंय" म्हणत आणि विषय बदलत. बायका पुन्हा फाटकावरून लांबच्या वाटेने जाऊ लागल्या होत्या.

पाऊस झाला, तलावाचं काम संपलं. एके दिवशी दुकानाच्या पायरीवर कुबडी वाजली. रंगुबाई आली होती, भिमाबाईच्या आधाराने. राधाकृष्ण उठून उभे राहिले, पण त्यांची मान वर होईना.

"माझ्या आवाजामुळे तू वळलीस, रंगुबाई."

"वळले म्हनून पाय गेला. तुमी वाजवलं नसतं तर समद्याच गेलो असतो." ती बाकावर टेकली. "त्ये जाऊ द्या आता. सुमनबाई म्हनत हुत्या, तुमच्यापाशी खिंडीतलं आनखी येक रीळ हाय. ते ऐकवा मला."

त्यांनी नको नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. रीळ फिरू लागलं. वारा, टिटवी, ती बारीक किणकिण. रंगुबाईने डोळे मिटले. खडखडाट सुरू व्हायच्या आधीच तिची बोटं बाकाच्या कडेला घट्ट आवळली गेली होती.

"व्हय," ती म्हणाली. "ह्योच. ह्यो घाला ह्याच्या पोटात."

"पोरं हसतील गं. म्हणतील, इंजिन मुकं आहे."

"हसू द्या. मी येते तुमच्यासंगं."

भिमाबाईने फळीवरून मला उतरवलं आणि पदराने माझी धूळ पुसली. राधाकृष्णांनी नवा स्पीकर बसवला. माझी चाकं टिकटिकू नयेत म्हणून सुमनबाईंनी रुळांखाली जुन्या घोंगडीची पट्टी शिवून दिली.

पहिली शाळा रुळांजवळच्याच वस्तीची होती. रंगुबाईने पोरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. "इंजनाचा आवाज आला की हात वर करायचा," एवढंच तिने सांगितलं. पोरं खुसखुसली, मग कान देऊन बसली. वारा वाजला. टिटवी ओरडली. मी निघालो, पोरांच्या पाठीमागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खडखडाट सुरू व्हायच्या आधीच मी पोचलो आणि राधाकृष्णांनी रीळ थांबवलं.

एकही हात वर झाला नाही.

"वळा आता," रंगुबाई म्हणाली.

पोरं वळली. मी केव्हाच पलीकडे जाऊन थांबलो होतो. कुणी हसलं नाही. एका मुलीने हळूच विचारलं, "कवा गेलं?"

मित्रांनो, रूळ ओलांडायची वेळ आली तर फाटकावरूनच ओलांडा, कितीही लांब पडलं तरी. आणि तिथेही कानांवर विसंबू नका. आधी एकीकडे बघा, मग दुसरीकडे बघा, आणि मगच पाऊल उचला.