‘तोदाविया नो’ म्हणणारा आचारी

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. पाय चार, पण चालायला माणूस लागतो! कारखान्यातून निघालो तेव्हा आरशासारखा चकचकीत होतो. मग इस्पितळाच्या व्यायामाच्या खोलीत आलो आणि कित्येकांना पुन्हा उभं केलं. शाबासकी त्यांच्या पायांना मिळायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

एकदा जहाजावरचा एक आचारी आला. शिडीवरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, पण त्याला फक्त स्पॅनिश यायचं. व्यायाम शिकवणाऱ्या ताई रोज मला त्याच्यापुढे ठेवून खुणेनं विचारायच्या, “चालायचं?” तो घामाघूम होऊन म्हणायचा, “तोदाविया नो.” ताईंना त्यातला तेवढा ‘नो’ कळायचा. मग माझी रवानगी भिंतीशी.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “पेशंटची इच्छाच नाही. व्हीलचेअर द्या आणि घरी पाठवा.”

ताईंना ते पटेना. “नको असतं तर हा माणूस सकाळपासून बूट घालून माझी वाट बघत बसला असता का?” त्यांनी स्पॅनिश शिकवणाऱ्या आपल्या मावसबहिणीला फोन लावला.

ती हसली. “अगं, ‘तोदाविया’ म्हणजे ‘अजून’. ‘तोदाविया दुएले’, अजून दुखतंय. आणि पुढे ‘नो’ लागला की ‘अजून नाही’. तो नकार देत नाहीये गं, जरा वेळ मागतोय!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच उत्तर आलं. पण ताई जागच्या हलल्या नाहीत. स्टूल ओढून शांत बसल्या. आचाऱ्यानं त्यांच्याकडे नवलानं बघितलं, मांडी चोळली, आणि दात आवळून माझ्या मुठी धरल्या. सगळा भार माझ्यावर आला. माझा एक सांधा कुरकुरला, पण म्हटलं, आज मोडलो तरी बेहत्तर! त्यानं पाऊल टाकलं.

खोलीच्या मध्यावर ताईंनी खुर्ची दाखवली. “दमलात ना? बसता का?”

“तोदाविया नो!” तो गरजला आणि थेट खिडकीपर्यंत गेला. तिथे मात्र लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांनी व्हीलचेअर मुकाट्यानं परत पाठवली.

तो काठी टेकत घरी गेला. आता नवे हलके वॉकर आलेत आणि मी अडगळीत आहे. माझ्या पायांचं रबर तेवढं झिजलंय. मित्रांनो, ते बदला आणि मला कामाला लावा. आणि परक्या भाषेत कुणी ‘नो’ म्हणालं, तर त्याच्या आधीचा शब्दही विचारून घ्या.