मैनाबाईचा तांब्याचा बंब

मित्रांनो, मी एक बंब आहे. आग विझवायला घंटा वाजवत धावतो तो नव्हे बरे का. त्याचा थाट वेगळा. मी आंघोळीचे पाणी तापवणारा, तांब्याचा. जुना झालो हे मी सांगायला नको, माझी तोटीच सांगते. कितीही आवळली तरी टपटपत राहते.

माझी रचना साधी आहे. पोटात पाणी, पोटाच्या मधोमध उभा नळा, नळ्याखाली जाळी आणि जाळीवर विस्तव. धूर नळ्यातून वर जातो आणि जाता जाता पाणी तापवतो. एवढेच माझे शहाणपण. सध्या मी अमरावतीत एका घराच्या मागच्या अंगणात उभा असतो. डोक्यावरचे झाकण हरवले आहे, त्या जागी फुटकी परात आहे. जुनी भांडी मोडीत घेणारा ओमप्रकाश दर दोन महिन्यांनी येतो, मला बोटाने टिचकी मारतो आणि घरच्यांकडे पाहतो. घरचे नाही म्हणून मान हलवतात. तो निघून जातो. मला त्याचे सुखही वाटत नाही आणि दुःखही. पूर्वी वाटत असे.

माझा जन्म एकोणीसशे चोपन्न साली अकोल्याच्या जुन्या शहरात झाला. मोर्णा नदीच्या पलीकडे एका बोळात सूर्यभान तांबटाचे दुकान होते. पत्रे ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते. गिऱ्हाईक काय बोलते ते तो ओठांवरून ओळखायचा, नाहीतर सरळ आपलेच बोलायचा. त्या वर्षांत बंबांची नुसती लाट आली होती. तोवर घरोघरी चुलीवर हंडा चढायचा, निम्मी आच बाजूने निसटायची, आणि पाणी तापेपर्यंत माणसाची चहा प्यायची वेळ टळून जायची. जळण महाग होत चालले तशी माणसे बंब मागू लागली. दुकानदार पुण्या-नाशिकाकडून बंब आणून मांडू लागले. ते दिसायला गुळगुळीत होते, पण त्यांचा नळा सरळ होता. सूर्यभान म्हणायचा, "धूर पळाला नाही पाहिजे. घडीभर बसला पाहिजे." म्हणून त्याने माझा नळा मधे फुगवला. धूर तिथे अडखळतो, आपली ऊब सोडतो आणि मगच वर जातो. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

एक दिवस खुशालराव दुकानापुढे उभे राहिले. चांदूर बाजारकडचे शेतकरी, उंच, आवाजाने दणदणीत. अकोल्याला बहिणीकडे आले होते. सूर्यभानने मला पाण्याने भरले आणि जाळीवर पऱ्हाटीच्या दोन मुठी टाकल्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या म्हणजे पऱ्हाटी. वऱ्हाडात तिला तोटा नाही.

"इतक्याशा पऱ्हाटीत पानी तापते? काहून थट्टा करता, बुवा?" खुशालराव म्हणाले.

सूर्यभानला ऐकू गेले नाही. त्याने खुशालरावांचा हात धरला आणि थोड्या वेळाने माझ्या पोटावर टेकवला. खुशालरावांनी तो झटक्याने मागे घेतला आणि खो खो हसले. त्या हाताची मला आठवण आहे. डावा हात होता.

अशा रीतीने मी चांदूर बाजारला आलो. खुशालरावांच्या बायकोचे नाव मैनाबाई. तिने मला चारी बाजूंनी पाहिले, चिंच लावून घासले, हळदकुंकू वाहिले, आणि मग माझे नियम ठरवले. पहिला नियम, पाणी भरल्याशिवाय काडी ओढायची नाही. कोरडा बंब पेटला की डाख वितळतो आणि सांधे सुटतात. दुसरा, जेवढे ऊन पाणी काढाल तेवढे गार पाणी वरून ओता. तिसरा नियम बादलीचा होता. बादलीत आधी ऊन पाणी घ्यायचे आणि मग वरून गार पाण्याचे विसण घालायचे. आधी गार आणि त्यावर ऊन, असे पाणी फक्त मढ्याच्या आंघोळीला करतात. हा नियम मोडलेला तिला खपत नसे.

पाणी किती तापले ते ती पाण्यात हात घालून बघत नसे. माझ्या पोटावर तळवा ठेवायची. खालून वर सरकवत न्यायची. ऊब कुठवर चढली तेवढ्यावरून तिला सगळे कळायचे. "झालं व," म्हणायची, आणि ते झालेलेच असायचे. माझ्यावर इतका विश्वास पुढे कुणी ठेवला नाही.

माझे कौतुक बघायला आळीतल्या बाया आल्या. मूठभर जळणात पाच माणसांच्या आंघोळी होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि दोन वर्षांत त्या आळीत सात बंब झाले. ते माझे चांगले दिवस. त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही, चांगल्या दिवसांचे तसेच असते.

एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात खुशालराव शेतातून बैलगाडीत आडवे होऊन आले. लकवा झाला होता. तोंड पुढे सावरले, पाय ओढत का होईना चालू लागला, पण डावा हात गेला तो गेलाच. टाचणी टोचली तरी कळायचे नाही. महादेवराव वैद्यांनी हात तपासला आणि सांगितले, रोज सकाळी ऊन पाण्याची धार धरा, कधीतरी जाणीव परत येईल.

त्या दिवसापासून माझे काम ते एकच झाले. बाकीच्यांच्या आंघोळी व्हायच्या, पण मला त्या मोजाव्याशा वाटत नसत. मैनाबाई पहाटे उठून मला पेटवायची, तळव्याने माझे पोट तपासायची, बादलीत विसण घालायची आणि खुशालरावांना पाटावर बसवून त्यांच्या डाव्या हातावर तांब्याने धार धरायची. खांद्यापासून बोटांपर्यंत. मग विचारायची, "ऊन लागते काय?"

ते म्हणायचे, "नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मित्रांनो, सहा वर्षे मी हे दोन शब्द ऐकले. पहिल्या वर्षी ती विचारताना त्यांच्या तोंडाकडे बघायची. पुढे पुढे हाताकडे बघायची. मग कुठेच बघेनाशी झाली. पण विचारायची मात्र रोज. एखादे दिवशी विचारले नाही आणि नेमके त्याच दिवशी हात जागा झाला तर, अशी तिला भीती होती. ती भीती तिने एकदा शेजारणीला बोलून दाखवली तेव्हा मी तिथेच होतो. माझे तांबे गरम होते, पण मलाही काही वाटेनासे झाले होते.

त्यांचा मुलगा गोवर्धन अमरावतीला विजेच्या सामानाच्या दुकानात कामाला होता. त्याने आईबापांना बोलावून घेतले. शेती गावातल्या पुंजारामला बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिली आणि आम्ही निघालो. मला एस.टी.च्या टपावर बांधले होते. मैनाबाईने सोबत पऱ्हाटीचा एक भारा घेतला. "माय, शहरात जयन भेटते," गोवर्धन म्हणाला. तिने ऐकले नाही.

शहरात जळण मिळते, पण ते वखारीतून आणावे लागते, आणि धूर वरच्या मजल्यावर जातो. वरचे भाडेकरू कुरकुरू लागले. बाजाराचा वारा फिरला होता हे मला दुकानातल्या गोष्टी ऐकून कळत होते. गोवर्धन जेवताना सांगायचा, आधी लोक बादलीत सोडायचा विजेचा दांडा नेत होते, आता गिझर मागू लागले आहेत. तिकडे अकोल्यात सूर्यभानचा मुलगा अॅल्युमिनियमची भांडी विकू लागला होता.

"अवो माय, बंबात अर्धी आच धुरासंगं जाते," गोवर्धन समजावत होता. "गिझरात जेवढी गरमी केली तेवढी आतच राह्यते. भायेर येतच नाही. पाह्य हात लावून."

मला राग आला होता, पण त्याचे खरे होते. खोटे कशाला बोलू. सूर्यभानने धुराला घडीभर बसवले होते, या यंत्राने ऊब कोंडूनच ठेवली. पासष्ट सालच्या डिसेंबरात त्याने दुकानात मांडलेला एक गिझर घरी आणून मोरीच्या भिंतीवर बसवला. पांढरा, गोल, वर लाल दिवा. त्याच्याच खाली कोपऱ्यात मला सरकवले आणि माझ्यावर कपडे धुवायचा साबण ठेवला.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. पहिले दोन दिवस पाणी विमलनेच काढून दिले होते. त्या सकाळी नळाला पाणी आले नव्हते. पिंपात एक बादली गार पाणी उरले होते. गोवर्धनची बायको विमल समजूतदार पोर. गिझरचे पाणी भाजते हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने सासऱ्यांच्या बादलीत आधी ते गार पाणी ओतले आणि त्यावर गिझरचे सोडायला गेली.

मैनाबाईने ते पाहिले. तिचा चेहरा पडला.

"हे काय करून राहिली? मढ्याले करतेत असं पानी."

"मामी, वरून ऊन घालतेच आहे न मी," विमल म्हणाली. सासूला ती मामी म्हणायची.

मैनाबाईने बादली उचलली आणि सगळे पाणी मोरीत ओतून दिले. मग रिकामी बादली गिझरखाली धरून भरली. विसण घालायला पिंपात तांब्या बुडवला तर तो तळाला खरडला. विमल शेजारच्या विहिरीवर घागर घेऊन धावली. खुशालराव पाटावर उघडे बसले होते, थंडीने त्यांचे दात वाजत होते.

मग मैनाबाईने हात वर केला आणि तळवा गिझरच्या पोटावर ठेवला. खालून वर सरकवत नेला. जसा माझ्यावर न्यायची, अगदी तसाच.

तो गार होता. बाहेरून तो गारच असतो. त्याचा गुणच तो.

"कोमटबी नाही धड," ती स्वतःशीच पुटपुटली. पाण्याची वाफ दिसत होती, पण डिसेंबरात विहिरीच्या पाण्याचीही वाफ दिसते. तिने काठाला धरून तांब्या भरला आणि खांद्यापासून धार धरली. मी तिथेच, हातभर अंतरावर होतो. माझ्या तोटीतून एक थेंबही पडला नाही. सांगायचे कसे आणि कुणाला?

"ऊन लागते काय?"

"नाही."

तिने दुसरा तांब्या घातला. तिसरा घातला. विमल घागर घेऊन आली आणि तिथेच थिजली. हात लालभडक झाला होता, मनगटाजवळ कातडी सुटू लागली होती. खुशालराव सुनेच्या तोंडाकडे बघत होते, काय झाले म्हणून. त्यांना कळलेच नव्हते. सगळ्यांत वाईट ते होते.

महिनाभराने जखमा भरल्या, डाग राहिले. घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. गोवर्धन तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, आधी पाण्यात स्वतःचा हात घाला. खुशालरावांची आंघोळ विमल घालू लागली. मैनाबाई भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. ती रडली नाही. मला वाटते तिलाही आता काही लागत नव्हते. आणि तिने विचारणे सोडले. मला अंगणात टाकले, त्याचेही तिला काही वाटले नाही. मला मात्र तेव्हा वाईट वाटले होते, हे कबूल करतो.

दोन हिवाळे गेले. मग एका सकाळी गिझरची तार जळाली. गोवर्धनने तो खाली उतरवून दुकानात नेला. विमल अंगणात आली आणि म्हणाली, "मामी, आजच्यापुरता बंब पेटवता काय?"

निवडायचे तांदूळ बाजूला सारून मैनाबाई उठली. मग तिने माझ्या पोटात चार बादल्या पाणी ओतले. पिंपातले, रात्रभर थंडीत राहिलेले. माझी हाडे गोठली. जाळीवर पऱ्हाटी रचली, चांदूर बाजारहून आणलेल्या त्याच भाऱ्यातली उरलेली. मग ती काडेपेटी आणायला आत गेली.

खुशालराव माझ्या पलीकडच्या अंगाला उन्हात स्टुलावर बसले होते. माझी जाळी त्यांना तिथून दिसत नाही. त्यांनी उजव्या हाताने आपला डावा हात उचलला, डागांचा, आणि माझ्या पोटावर ठेवून दिला. तोच हात, अकोल्याला झटक्याने मागे घेतलेला.

मैनाबाईची पावले वाजली. तिने काही विचारले नव्हते. दोन वर्षांत विचारलेच नव्हते. खुशालरावच वळून न बघता म्हणाले,

"लागते व. ऊन लागून राह्यलं मले."

मैनाबाई जागीच थांबली. काडेपेटी तिच्या हातात होती. एकही काडी ओढलेली नव्हती. मी बर्फासारखा गार होतो.

तिने काडेपेटी हळूच कनवटीला लावली, खुळखुळू नये म्हणून वरून हात दाबून धरला. मग त्यांच्याजवळ येऊन खाली बसली.

"हाव काय," ती म्हणाली. "मंग बरं झालं."

दोन वर्षांचे रडणे तिने पदरात रडून घेतले, आणि खुशालराव समोर बघत बसून राहिले, हात न उचलता. बऱ्याच वेळाने, ते डोळे मिटून उन्हात पेंगल्यावर, ती माझ्या पुढून वाकली आणि काडी ओढली.

मित्रांनो, माझ्यासारखी भांडी तुमच्या घरी असतील तर त्यांना कोरडे पेटवू नका, आणि यंत्र कितीही चांगले असो, दुसऱ्याच्या अंगावर पाणी घालण्याआधी त्यात आपला हात घाला. एवढे तुम्ही कराल. दुसरे मागणे त्याहून लहान आहे. त्या सकाळी मी गार होतो हे मैनाबाई कधी बोलली नाही, मीही आजवर बोललो नव्हतो. तुम्हीही खुशालरावांना सांगू नका.