मी ऐकतच राहिलो

मित्रांनो, मी एक जुना, खिशात मावणारा रेकॉर्डर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. बसणार कसा? उभं आयुष्य लोकांच्या तोंडासमोर काढलंय मी!

कारखान्यातून निघालो तेव्हा माझे कान एवढे तिखट होते, की शेजारच्या खोक्यातल्या बॅटरीचं घोरणंसुद्धा टिपायचो. मला एका संशोधक ताईनं घेतलं. मोबाइल आणि कॉम्प्युटर आल्यापासून धंद्यात नि घरांत काय बदललं, ते ती विचारत हिंडायची. माझ्या पोटात अख्खा बाजार मावायचा, वर दोन भांडणांना जागा उरायची. ताई मला 'माझा उजवा कान' म्हणायची. मग नवा फोन आला आणि मी ड्रॉवरात गेलो.

एकदा फोन बिघडला, तेव्हा माझी आठवण झाली. ताई मला शिवणकाम करणाऱ्या एका काकूंकडे घेऊन गेली. कंपनीनं त्यांना घरी मशीन दिलं होतं. मशीनला एक डबी होती. किती टाके पडले, ते मालकाला फोनवर दिसायचं.

"मशीन छान, कंपनी छान," काकू म्हणाल्या. एवढं छान छान? मला तेव्हाच शंका आली.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हे मेलं आधी बंद कर, मग बोलते."

ताईनं बटण दाबलं, पण अर्धवटच. माझा म्हातारा लाल दिवा मघाशीच विझला होता. तो दिसेना, म्हणून तिला वाटलं, मी झोपलो.

"सासूबाई अंथरुणाला खिळल्यात," काकू कुजबुजल्या. "त्यांना भरवायला उठले, की टाके कमी पडतात. म्हणून नणंदेला बसवते. ती बिनकापडाचं, रिकामंच मशीन पळवते! मालकाला कळलं तर मशीन उचलून नेतील गं."

ऑफिसात ते ऐकून ताईनं कपाळाला हात लावला. तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक सर मात्र खूश. "अगं, हे तर सोनं! आवाज मला दे. नाव नको घालूस, झालं."

"सर, आवाज ओळखतात लोक."

"कोण बसलंय ओळखायला?"

सरांच्या खिशाला काकूंना मशीन देणाऱ्या त्याच कंपनीचं पेन होतं, मित्रांनो. आणि ताईचा तरी काय भरवसा? तिचा प्रबंध शेवटच्या प्रकरणावर अडलेला.

पण ताई मला घेऊन तडक काकूंकडे गेली. सगळं ऐकवलं.

"चोरून घेतलंस?"

"चुकून, काकू. पण घेतलं गेलं. काय करू, तुम्हीच सांगा."

"पूस. माझ्यासमोर."

ताईनं पुसलं. सोन्यासारखं प्रकरण गेलं. काकूंनी मला कानाला लावून पाहिलं, उलटा करून झटकलं, बॅटरी काढली.

"तू चांगली आहेस गं," त्या म्हणाल्या, "पण हा इथंच राहील."

तेव्हापासून मी दोऱ्यांच्या डब्यात आहे. मित्रांनो, ऐकणारं यंत्र समोर आलं, तर त्याच्या धन्याला जरूर विचारा, 'बंद म्हणजे खरंच बंद ना?' आणि धनी तुम्ही असाल, तर उत्तर देण्याआधी दोनदा बघा.