माझी लहान चाकं आणि दिपाचा ढावलो

मित्रांनो, मी एक जुनी भाड्याची सायकल आहे. आखाडा बाळापुरात तातेरावांच्या दुकानात आढ्याला उलटी टांगलेली असते. वारा सुटला की माझं पुढचं चाक आपोआप फिरतं, आणि मला वाटतं, मी अजून कुठंतरी चाललेय. चढ नाही, खड्डे नाहीत. डोळा लागल्यासारखं होतं बघा.

माझी चाकं लहान. भिंतीला टेकलेल्या उंच सायकली मला "बुटकी" म्हणायच्या. म्हणेनात का! लेकरांचे पाय त्यांच्या पायडलपर्यंत पोचत होते थोडेच? दुकान उघडलं की पहिली मीच बाहेर पडायचे.

शहाण्णवचा उन्हाळा होता. आश्रमशाळेतली शिवकन्या पेपर देऊन धावतच दुकानात आली. तिची बहीण दिपा त्या दिवशी तांड्यावरून सासरी निघायची होती. त्यांच्यात, म्हणजे बंजाऱ्यांत, नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडते, नाव घेते आणि रडत रडत गाते. त्याला ढावलो म्हणतात. आपण पोचायच्या आत तो संपला तर? सायकल द्या म्हणून पोरगी तातेरावांच्या मागंच लागली.

"मोठी ने, लवकर पोचशील," तातेराव म्हणाले.

तिने मोठी घेतली, पण पाय पोचेनात, ती दारातच पडली. मग मला ओढलं.

काय पायडल मारलं हो तिने! शेतं, बाभळी, ऊन, सगळं एकात एक विरघळत मागे जात होतं. मला वाटलं, उडतेच आहे मी. इतक्यात मागून पोस्टमन दत्तोपंत आले, सावकाश पायडल मारत, आणि आमच्या पुढे गेले.

"मी एवढं मारून राहिले, तरी तुमीच पुढं काहून?" ती रडवेली होऊन ओरडली.

"अगं, चाक लहान आहे तुझं! माझं एका फेऱ्यात जेवढं जातं, तेवढ्याला तुझ्या चाकाला दीड फेरा लागतो. कितीही पाय मार, वेळ जास्त लागणारच."

खरं होतं ते. मित्रांनो, मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. दत्तोपंतांच्या मागच्या कॅरियरवर पार्सलांची गोणी होती, नाहीतर त्यांनी तिला बसवलंच असतं. "रडू नको. मी पुढं जाऊन सांगतो, येऊन राहिली म्हणून," असं म्हणून ते पुढच्या वळणावर दिसेनासे झाले.

आम्ही तांड्याजवळ आलो तेव्हा जीप सुरू होती. शिवकन्येचा बाप हरिचंद म्हणत होता, "बस झालं दिपा, पाहुणे खोळंबून राहिले." पण दिपा गातच होती. माणसं संपली म्हणून तिने शेळीचं नाव घेतलं, मग विहिरीचं, मग दारातल्या लिंबाचं. बाया डोळे पुसत होत्या आणि पदराआड हसतही होत्या.

शिवकन्येने मला धुळीत टाकलं आणि ती धावली. पडल्या पडल्या माझं चाक फिरतच होतं.

"आली व्हय गं?" दिपाने तिला घट्ट धरलं. "समद्यांची नावं दोनदा घेतली मी. तुझं एकदाबी न्हाई घेतलं. ते घेतलं असतं, तर गाणं संपलं असतं ना!"

आणि मग तिने शिवकन्येचं नाव घेतलं, लांब सूर लावून.

मित्रांनो, तुमच्या घरच्या छोट्या सायकलीला कधीमधी तेल घाला, तिला पावसात टाकू नका. तिला हळू म्हणून हसूही नका, तिचं चाकच तेवढं आहे. आणि कुणी लहान चाकांवरून तुमच्याकडे येत असेल, तर निघायची घाई करू नका. शेळीचं नाव घ्या, विहिरीचं घ्या. तो येतोच आहे.