दिल्ली दरवाज्याची बाहेरची बाजू

डोळे मिटा बरं घटकाभर. असं समजा, की तुम्ही एका मोठ्या शहरात एकटे उतरला आहात. हाताला धरणारं कोणी नाही, पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि धपाटी आहेत, आणि दिवसभर हवं तिकडं बघायची मोकळीक आहे. आता उघडा डोळे. ही बघा, करमाडची श्रेया एसटीतून उतरते आहे.

श्रेयाला जूनपासून शहरातल्या शाळेत जायचं होतं. तिचे वडील पुंडलिक, ज्यांना ती अण्णा म्हणायची, मात्र कचरत होते. पोरगी हुशार, पण काही नवं दिसलं की तोंड उघडं टाकून तिथंच उभी राहायची. शेवटी अण्णांनीच अट घातली.

"सुट्टीत एक दिवस शहर एकटी बघून ये. दिवस कलंल तसं दिल्ली दरवाज्याच्या भायेर थांब. मी पडेगावहून गाडीवर येतो. सांगितल्या जागी दिसलीस तर शाळा शहरात. फोन लावलास, तर आपल्या गावची शाळा काय वाईट नाय!"

म्हणून आज तिची स्वारी निघाली होती. आधी तिनं मलिक अंबरानं उभारलेला भडकल दरवाजा पाहिला. मान मागं टाकून ती इतका वेळ बघत राहिली, की एका दुचाकीवाल्यानं हॉर्न वाजवून तिला बाजूला केलं. मग टाऊन हॉल. मग आमखास मैदान. आम म्हणजे सगळे लोक, खास म्हणजे निवडक माणसं. दरबार कुणासाठी भरला आहे, ते या दोन शब्दांत कळायचं. आज तिथं पोरं क्रिकेट खेळत होती. 'हे आम का खास?' असं मनात येऊन तिला हसू आलं. किल्ले अर्काच्या, म्हणजे जुन्या बादशाही वाड्याच्या बाजूला तिनं रंगीन दरवाजा पाहिला. इथून एके काळी बादशाही कारभार चालायचा. अर्ज घेऊन आलेला माणूस किती घाबरत असेल, कुठं ताटकळत असेल, याचा विचार करत तिनं सावलीत बसून धपाटी खाल्ली.

उन्हं उतरली तशी ती विचारत विचारत, गल्लीबोळांतून दिल्ली दरवाज्यापाशी आली. केवढा तो दरवाजा! रस्ता त्याला वळसा घालून दोन्ही अंगांनी वाहत होता. अलीकडं गाड्या, पलीकडं गाड्या. आता यातली बाहेरची बाजू कोणती?

लिंबाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला मारुती दिसला आणि तिचा जीव भांड्यात पडला. करमाडला मारुती वेशीच्या बाहेर. पाव्हणारावळा आधी तिथं टेकायचा, मग गावात यायचा. म्हणजे हीच बाहेरची बाजू! मारुतीशेजारी झेंडूच्या माळा विकायला बसलेल्या वच्छलाबाईंनी सरकून तिला जागा दिली.

पण श्रेया स्वस्थ बसेल तर ना. तिनं रिक्षावाल्याला विचारलं, "काका, दरवाज्याची बाहेरची बाजू हीच ना?"

"अरे बेटा, अब क्या अंदर, क्या बाहर?" तो हसला. "दोनो तरफ ट्रॅफिकच है!"

श्रेयाचा हात फोनकडं गेला. फोन लावला, तर शाळा गेली. चुकीच्या बाजूला बसून राहिली, तरी गेली. तिनं हात मागं घेतला आणि दरवाज्याकडं नीट पाहिलं.

याला दिल्ली दरवाजा का म्हणत असतील? दिल्ली तर इथून कितीतरी लांब. म्हणजे दिल्लीला निघालेला माणूस इथून बाहेर पडत असणार! दिल्ली उत्तरेला. सूर्य चाललाय मावळतीला, तो डाव्या हाताला घेतला की समोर उत्तर.

ती सूर्य डावीकडं घेऊन उभी राहिली. समोर दरवाजा होता. बाहेरची बाजू त्याच्या पलीकडं होती. ती इतका वेळ शहराच्या आतच बसली होती.

कमानीखालून ती पलीकडं गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं अण्णांची गाडी दिसली. ती थेट मारुतीपाशी जाऊन थांबली. अण्णा चहूकडं बघू लागले, कपाळाला आठ्या घालून.

धावत जावं? मग मी सांगितल्या जागी कुठं राहिले? श्रेयानं तोंडापाशी हात धरून हाक मारली, "अण्णाऽऽ! मी इकडं हाय! भायेर!"

अण्णा गाडी ढकलत आले ते तापूनच. "तुला भायेर थांब म्हणलं होतं ना?"

"व्हय. मी भायेरच हाय. तुम्हीच शहरात उभे होता."

तिनं दिल्ली दाखवली, सूर्य दाखवला. अण्णांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं.

"लई शहाणी झालीस," ते म्हणाले. मग हसले. "जा बाई जूनपासून शाळंला. तू नाय हरवायची. हरवलो तर मीच, मग मला शोधायला तुला यावं लागंल." गाडीला किक मारता मारता ते पुटपुटले, "पर मग मारुती वेशीच्या आत कसा बसवला यांनी?"

श्रेया मागच्या सीटवर बसत होती. तिनं पाय पुन्हा खाली टेकवला.

"थांबा अण्णा, विचारून आलेच," म्हणाली, आणि कमानीखालून वच्छलाबाईंकडं पळत सुटली.