चंपाचा दहावा

चंपा मल्लाहिन बुडाली त्या आठवड्यात सगळ्या बनारसने कस्तुरी पौराणिकला शिव्या घातल्या. सगळ्या म्हणजे कॉमिक्स वाचणाऱ्या बनारसने. पण ही मंडळी शिव्या देण्यात इतकी तयार, की ऐकणाऱ्याला अख्खं शहर उठल्यासारखं वाटावं.

चंपा ही कस्तुरीच्या कॉमिकमधली नाव वल्हवणारी मुलगी. नदीत उतरली की तिच्या अंगात शंभर जणांचं बळ यायचं, आणि काठावर आली की तिचं भाजीवाल्याशीही पटायचं नाही. कस्तुरी ती स्वतःच लिहायची, स्वतःच काढायची, हिंदीत. लखनौपासून पाटण्यापर्यंतच्या स्टेशनांवर तिचे अंक हातोहात खपत. आठव्या अंकाच्या शेवटच्या पानावर, भर पुरात, एका नावेतली माणसं वाचवून चंपा पाण्याखाली गेली आणि वर आली नाही. नवव्या अंकात ती वर यायची होती. पण हे आधीच सांगून टाकलं तर अंक घेणार कोण? म्हणून कस्तुरी तोंड शिवून बसली होती.

वाचकांत उभे दोन तट पडले. एक ‘चंपा गई’ म्हणणारा, दुसरा ‘चंपा लौटेगी’ म्हणणारा. मोबाईलवर भांडून पोट भरेना, तेव्हा अस्सी घाटावरच्या चहाच्या टपरीवर एकमेकांवर मातीचे कुल्हड फेकून झाले. पहिल्या तटाचा म्होरक्या विष्णु, एका बँकेत कॅशियर, चांगला तिशीतला माणूस, दाढी न करता कामावर जाऊ लागला. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, घरात सुतक आहे.

आणि नेमका तेव्हाच कानपूरच्या वितरकाचा फोन आला. नववा अंक तो उचलणार नव्हता. करार झालेला, सह्या झालेल्या, तरी त्याचं आपलं एकच पालुपद, “मॅडम, पब्लिक नाराज है.”

पब्लिक नाराज होती यात शंका नव्हती. पण दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या महाबाहू स्टुडिओचा विक्रीप्रमुख शरद मेहरोत्रा याचा गोड निरोप आला, की चंपा विकायची का? तेव्हा कस्तुरीच्या डोक्यात प्रकाश पडला, की वितरकाला फिरवणारा हाच. हा गृहस्थ वर्षभर चंपाच्या मागे होता. त्याची चंपा कशी असेल याचं चित्रही त्याने पाठवलं होतं. चांदीचा घट्ट पोशाख, हातात वल्ह्याऐवजी काहीतरी किरण सोडणारं, आणि पाठीमागे गंगा नाहीच. नववा अंक स्टॉलवर आला नाही तर चंपा खरोखरच मेली, आणि तिला उचलून न्यायला हा माणूस दारात तयार उभा होता. त्या दुपारी कस्तुरी रडली. रागाने रडली.

संध्याकाळी तिची वकील मैत्रीण सुनीती घरी आली. “करार मोडला ही वितरकाची चूक,” ती म्हणाली. “पण बाहेरच्या माणसाने, करार आहे हे माहीत असताना, मुद्दाम फूस लावून तो मोडायला लावला, तर ती त्या बाहेरच्याची वेगळी चूक. त्याच्यावर वेगळा दावा लागतो. मात्र दोन्ही गोष्टी सिद्ध करायला हव्यात. त्याला करार माहीत होता, आणि त्यानेच तो मोडवला.”

“तो काय कबूल करणारे?”

“तो कशाला करेल! मूर्ख थोडाच आहे.”

बाहेर कस्तुरीचे वडील, शिवरामगुरुजी, धोतर वाळत घालत होते. पिढ्यान्‌पिढ्या घाटावर यात्रेकरूंची कार्यं करणाऱ्या घरातले ते. मुलीच्या व्यवसायाला ते आजवर ‘चित्रं’ म्हणत आले होते, आणि तेही कुणी खोदून विचारलं तरच. ते हातातलं धोतर तसंच घेऊन आत आले.

“अगं, हे तर यजमान पळवणं झालं!”

“म्हणजे, अण्णा?”

“साताऱ्याकडची मंडळी आपली. पूर्वापार. त्यातला कुणी आपल्या पायाने दुसऱ्या गुरुजींकडे गेला, तर त्याची मर्जी, आपण काही बोलत नाही. पण आपल्याकडे यायला निघालेल्याचा कुणी हात धरला, ‘वो पंडितजी तो गुज़र गए’ सांगून स्वतःकडे वळवला, तर घाटावर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. माझ्या वडलांनी अशा एकाशी मरेपर्यंत बात केली नाही.” त्यांचा आवाज चढला होता. “त्या दिल्लीवाल्याला लाज कशी नाही वाटत?”

“तुमचा कायदा आणि आमचा कायदा एकच आहे, अण्णा,” सुनीती हसून म्हणाली. “फक्त आमच्या कोर्टाला पुरावा लागतो.”

“हं,” म्हणून गुरुजी परत बाहेर गेले.

दोनच दिवसांनी विष्णु त्यांच्या दारात आला. गुरुजी कस्तुरीचे वडील, याचा त्याला पत्ता नव्हता. महाराष्ट्राचे पंडितजी दक्षिणेसाठी अडून बसत नाहीत, एवढं ऐकून तो आला होता.

“पंडितजी, दसवाँ करवाना है.”

“किसका?”

“चंपा का.” आणि विष्णुने आठवा अंक पुढे धरला.

आतल्या खोलीत कस्तुरीने तोंडात ओढणी कोंबली. गुरुजींनी अंकाकडे पाहिलं, विष्णुच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. त्या माणसाचं दुःख खोटं नव्हतं, हे त्यांच्यासारख्या जाणत्याला लगेच कळलं.

“न माँ, न बाप. गोत्र किसका बोलूँ? मंत्र नहीं पढ़ूँगा,” ते म्हणाले. विष्णुचा चेहरा पडला. तेव्हा ते म्हणाले, “चावल का पिंड रखेंगे, कौए को बुलाएँगे. हमारे यहाँ ऐसा होता है. मगर सबको बुलाना. जो रोते हैं उनको, जो लड़ते हैं उनको, और जिसके पास उसका कुछ अटका हो, उसको तो ज़रूर.”

विष्णुने हे शब्दशः चंपाच्या वाचकांच्या ग्रुपवर टाकलं. एवढी गर्दी फुकटात जमतेय म्हटल्यावर शरद मेहरोत्राने दिल्लीहून विमान पकडलं.

दहाव्या दिवशी सकाळी अमृतराव घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला रडणारे, दुसऱ्या बाजूला ‘चंपा लौटेगी’चे फलक घेतलेले, मधे गुरुजी आणि पानावर ठेवलेला भाताचा गोळा. जिकडे बघावं तिकडे मोबाईल उंचावलेले. कस्तुरी आणि सुनीती मागच्या पायरीवर तोंडावर ओढण्या घेऊन उभ्या होत्या. शरद पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात, स्टुडिओच्या पानावर थेट प्रक्षेपण लावूनच आला होता.

गुरुजींनी सगळ्यांना रीत समजावली. कावळा शिवला की आत्मा सुटला. नाही शिवला तर मनात काहीतरी राहिलंय, मग आपल्या माणसांनी पुढे येऊन शब्द द्यायचा.

कावळा आला नाही.

विष्णु हात जोडून पुढे झाला. “चंपा, तेरे सारे अंक प्लास्टिक में रखूँगा. किसी को उधार नहीं दूँगा.” कावळा नाही. दुसऱ्या तटाची म्होरकी सुरेखा, रेल्वेच्या शाळेतली मास्तरीण, ठणकावून म्हणाली, “मैं तो मानती ही नहीं कि तू मरी है!” तरी नाही.

“और कोई?” गुरुजींनी सावकाश सगळीकडे नजर फिरवली. “जिसके हाथ में इसका कुछ अटका हो, साफ़ बोले. आधा बोला तो कौआ नहीं आएगा.”

हजार माणसं, हजार मोबाईल, आणि सगळ्यांच्या नजरा पुढे लागलेल्या. जन्मभर माल विकलेल्या माणसाला असा बाजार सोडवेल? शरद पुढे आला, डोळे मिटून हात जोडले.

“चंपा, चिंता मत करना. नौवाँ अंक नहीं आएगा. उनका कानपुर वाला एग्रीमेंट मैंने खुद पढ़ा है, और मैंने ही तुड़वाया है. हर्जाना भी हमारा स्टुडिओ भरेगा. जिन्होंने तुझे मारा, उनके हाथ में तुझे नहीं छोड़ेंगे. अब तू महाबाहू में ज़िंदा होगी!”

त्याने डोळे उघडून टाळ्यांची वाट पाहिली. दोनचार वाजल्याही. मागच्या पायरीवर सुनीतीने कस्तुरीचा दंड इतका आवळला, की वळ उठले.

“दोन्ही!” ती कुजबुजली. “अगं, दोन्ही बोलला!”

तेवढ्यात वरच्या छत्रीवर एक कावळा येऊन बसला. कावळ्याने भाताकडे मान तिरकी करून पाहिलं, मग शरदकडे पाहिलं, आणि खुशाल पलीकडच्या काठाकडे उडून गेला. आधी एक जण हसला, मग सगळा घाट हसत सुटला.

गुरुजी मात्र हसले नाहीत. “कौआ नहीं छूता,” ते मोठ्याने म्हणाले. “या तो इच्छा बाक़ी है, या वह मरी ही नहीं.”

सुरेखाने जी आरोळी ठोकली, ती थेट मणिकर्णिकेपर्यंत गेली असेल. आणि तिच्या आवाजात पहिला आवाज मिसळला तो विष्णुचा. कस्तुरीने तोंडावरची ओढणी काढून फेकली. ती घरी पळाली आणि नवव्या अंकाची पहिली पानं फाडून नव्याने काढायला बसली.

कोर्टात शरदच्या वकिलाने पुष्कळ कीस काढला. हे भावनेच्या भरात झालं, हे धार्मिक प्रसंगी झालं, हे कुणा जिवंत व्यक्तीला उद्देशून नव्हतंच. न्यायाधीशबाईंनी ते चित्रण पाहिलं आणि पुन्हा एकदा पाहायला मागितलं. त्या मधेच खोकल्या; सुनीती शपथेवर सांगते की ते हसू होतं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत स्टुडिओने या करारात हात घालायचा नाही, असा हुकूम झाला. कानपूरच्या वितरकाला त्याच दिवशी आठवलं, की पब्लिक तेवढीशी नाराज नाही. पुढे महाबाहूने नुकसान भरून दिलं, लेखी माफी मागितली, आणि शरदजींना विक्रीखात्यातून हलवलं.

नववा अंक कस्तुरीने सगळ्यात आधी अमृतराव घाटावरच विकायला आणला. पहिल्याच पानावर तोच घाट, तोच भाताचा गोळा, आणि पाठ फिरवून बसलेला कावळा. पान उलटलं की पाण्यातून चंपाचा हात वर. दोन्ही तट एकाच रांगेत उभे होते. विष्णु गुळगुळीत दाढी करून आला होता, आणि पान उलटल्यावर त्याने सुरेखामास्तरणीला चक्क मिठी मारली. गठ्ठे दुपारच्या आत संपत आले. फोनवर कानपूरवाला ओरडत होता, “मॅडम, और छापिए, पब्लिक बहुत खुश है!”

कस्तुरी मान वर न करता सह्या करत होती. समोर धोतर दिसलं तशी ती चमकली. गुरुजी होते. उन्हात रांग धरून आले होते, आणि हातात मोजून आणलेले पैसे होते.

“अण्णा, तुम्ही रांगेत कशाला? हाक मारायची ना.”

“दुसऱ्याची पाळी पळवायची नाही,” गुरुजी म्हणाले. अंक उघडून त्यांनी कावळ्यामागे बसलेल्या पुरोहिताचं चित्र न्याहाळलं. “माझं नाक एवढं मोठं आहे?”

“आहे.”

“बरं. सही कर.”

“नुसती सही? की नाव घालू?”

गुरुजींनी घसा साफ केला. मागे विष्णु उभा होता, सुरेखा होती, निम्मा घाट कान देऊन होता. तरीही ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“लिही, चंपाच्या आजोबांना.”